ताईच्या वेळेवरचा कॅमेरा

माझ्या भावोजींना सगळे ‘आलोच’ म्हणायचे. बाकीचे पाठीमागे म्हणायचे. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी सख्खी मोठी बहीण, ती मात्र तोंडावर म्हणायची. त्यांना फोन केला की पलीकडून पहिला शब्द ‘आलोच’. घरातून पाय बाहेर पडलेला नसला तरी आलोच, अजून दाढीचा फेस गालावर असला तरी आलोच. त्यांच्या शब्दावर विसंबून कुणी चहा टाकला, तर तो चहा पुन्हा पुन्हा गरम होऊन शेवटी मोरीत जायचा.

धंदा फोटोग्राफीचा. तुमच्या मनात येतो तसला, नटनट्यांचा नव्हे. शाळेतले वर्गवार ग्रुप, कारखान्याच्या कॅटलॉगसाठी नटबोल्ट, विकायला काढलेली घरं, कुणाच्या निवृत्तीचा कार्यक्रम, असली कामं. राहत्या घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. भिंतीवर करडा पडदा, दोन छत्र्या लावलेले दिवे, आणि एक गोल स्टूल, ज्यावर बसून आमच्या सगळ्या घराण्याने आपापले पासपोर्टचे फोटो काढून घेतले. पडद्यामागचं दार उघडलं की थेट स्वयंपाकघर.

भावोजींना उशीर व्हायचा तो आळसाने नव्हे, हे मी त्यांची मेहुणी असूनही कबूल करते. त्यांना उशीर व्हायचा तो ‘एकच अजून’मुळे. कुणाचे डोळे मिटलेत, कुणाची कॉलर वाकडी आहे, थांबा, एकच अजून. एकदा मी त्यांना एका बोल्टचा फोटो काढताना पाहिलं. तो बोल्ट त्यांनी इतक्या वेळा फिरवला, की तो बोलता असता तर हात जोडून ‘सोडा हो मला’ म्हणाला असता. एका जागी एकच अजून झालं की पुढच्या जागी आलोच. असा तो माणूस.

ताईने यावर उपाय काढला होता. तिने स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे लावून ठेवलं. पुष्कळ घरांत असं करतात, त्यात नवल नाही. पण घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे कळल्याबरोबर भावोजी मनातल्या मनात दहा वजा करून आणखी एक कप चहा घ्यायला लागले. ताई त्यांच्यावर वरचढ निघाली. ती मधूनच खुर्चीवर चढायची, काटा सरकवायची, आणि किती सरकवला ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाही. मी खोदून खोदून विचारलं तरी नाही.

“किती पुढे आहे ते कळलं, की ते पुढे राहत नाही,” ती म्हणायची.

कामाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे असले, की हा खेळ ठरलेला. पुढच्या खोलीतून भावोजींची हाक यायची, “किती वाजले गं?” ताई गॅसवरच्या भांड्यातून मान वर करून घड्याळ बघायची, वेळ सांगायची आणि पुढे जोडायची, “निघा आता!” मला वाटायचं, उशीर झालाय म्हणून विचारतायत. स्वतःचा फोन त्यांनी कुठे ठेवलाय ते त्यांना कधी माहीत नसायचं, तेव्हा ताईला विचारणं सोपं.

ताई गेली त्या दुपारी मी तिच्याकडेच होते. गप्पा मारता मारता ती घामाने भिजली आणि छातीवर हात धरून बसली. मी तिला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी घाईघाईत एक चिठ्ठी खरडली, ही इंजेक्शनं खालच्या दुकानातून आणा म्हणून. मला ते अक्षर लागेना. पुन्हा विचारायला जावं तर आत जाऊ देईनात. म्हणून मी चिठ्ठीचा फोटो काढून औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पाठवला, आणि लगेच भावोजींना फोन लावला. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात होते. तिथल्या हजेरी खात्यातला कारकून निवृत्त होत होता, त्याच्या निरोपसमारंभाचे फोटो काढायला गेले होते.

“ताईला दवाखान्यात आणलंय. असाल तसे या,” मी म्हटलं.

“आलोच,” ते म्हणाले.

ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. जिना धावत चढल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांना कळलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला तशीच.

माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा परगावी नोकरीला होती. ती संध्याकाळी आली. रडून झाल्यावर तिने एकच विचारलं, “बाबा, तुम्ही लगेच निघाला होतात ना?”

“फोन ठेवला तसा निघालो गं.”

तिने मान हलवली. विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी भाचीने फोटोंचं काम हातात घेतलं. घरभर फोटो होते. डिस्कमध्ये, कार्डांमध्ये, ताईच्या जुन्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये. तिच्याकडे एक प्रोग्रॅम होता, तो सगळ्यांचे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे ओळीने मांडायचा. सुरुवातीलाच घोडं अडलं, कारण भावोजींनी आधीच एक पराक्रम करून ठेवला होता. जुनी डिस्क कुरकुर करते म्हणून त्यांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, आणि प्रत्येक फाइलवर उतरवल्याचीच तारीख पडली. ताईचं तरुणपण, भाचीचा पहिला दात, माझं लग्न, सगळं एकाच मंगळवारी झालेलं.

भाची पोट धरून हसली. “बाबा, ही तारीख म्हणजे पाकिटावरचा शिक्का. आत पत्रावर वेगळी तारीख असते. फोटो काढला त्या क्षणाला कॅमेरा ती स्वतः लिहितो. कॉपी करा, नाव बदला, ती तशीच राहते.”

“म्हणजे ती खरी?”

“ती खरी. तिला कुणी मुद्दाम हात लावल्याशिवाय ती बदलत नाही.”

माझे फोटो मी तिला मेसेजवरून पाठवायला निघाले, तर तिने मलाही धारेवर धरलं. मेसेजवरून गेले की आतली तारीख गळून पडते म्हणे. मग तिने माझा फोनच तारेने जोडून घेतला. निघालं काय, तर विजेच्या मीटरचे आकडे, माझा अंगठा, आणि चुकून निघालेली फरशी. पण ते दिवस छान होते. बापलेक पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर शेजारी शेजारी बसायचे, ती विचारायची हे कोण, ते सांगायचे हे अमके. ताई गेल्यापासून त्या घरात इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

असं करता करता ते त्या दिवसापाशी आले. मी चहाचे कप घेऊन खोलीत शिरले, तर भाची नुसती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती. कारखान्याच्या हॉलमध्ये जमलेली माणसं, टाळ्या, भाषण करणारा साहेब, आणि त्यांच्या मधोमध माझ्या फोनमधली ती चिठ्ठी. तिच्यानंतर पुन्हा कारखान्यातली माणसं.

“मावशी, ही चिठ्ठी चार वाजता काढलीयस. त्यानंतर लगेच बाबांना फोन केलास ना?”

“लगेच,” मी म्हटलं. फोनवरची कॉलची यादी केव्हाच पुसली गेली होती, पण एवढं मला पक्कं आठवत होतं.

“मग हे बघा, बाबा.” तिने बोट ठेवलं. भिंतीपाशी उभा राहून तोंडभर हसणारा तो निवृत्त कारकून. खाली आतली वेळ, चार दहा. त्यानंतर केक, केक खाणारी माणसं, आणि शेवटी खुर्च्या मांडणारे दोघेतिघे. चार वीस. “आई तिकडे जात होती, आणि तुम्ही एकच अजून, एकच अजून करत होता.”

भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ जाऊन बघितलं. हे खोटं आहे असं ते म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, “असेल.”

“असेल म्हणजे?”

“मला आठवतं ते असं, की फोन ठेवला आणि पिशवी उचलली. पण आतली तारीख खरी असते, तूच म्हणालीस. आणि माझं तुला माहीतच आहे.”

त्यांनी आरडाओरडा केला असता, तर मला बरं वाटलं असतं. जन्मभर ज्याला सगळ्यांनी उशिरा येणारा म्हटलं, त्याला कुणी आणखी एक उशीर आणून दिला, तर तो मुकाट्याने घेतो. मला त्यांचा राग आला आणि पोरीचा त्याहून जास्त आला. पण पुढ्यातल्या आकड्यांना मी तरी काय सांगणार? त्यांच्या ‘आलोच’ची खात्री मी कुठल्या तोंडाने देणार होते?

भाची त्याच संध्याकाळी निघून गेली. बाबा एकटे पडतील म्हणून तिने परदेशातली एक बदली बरेच दिवस लांबवली होती. तिने आता होकार कळवून टाकला. फोन मला करायची, त्यांना नाही. जाण्याआधी भेटायला येणार का, असं विचारलं तर म्हणायची, “बघू.” ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला कळत होतं. ती तशीच गेली असती, तर परत येईपर्यंत दोघांचं बोलणं कायमचं तुटलं असतं, याची मला धास्ती होती.

आणि भावोजी? ते वेळेवर यायला लागले. वेळेवर कसले, वेळेआधी. कॅमेरा कपाटात गेला होता, कामं नाकारत होते. दातांच्या डॉक्टरकडे मी त्यांच्यासोबत जाणार होते. ठरल्या वेळेला पोचले, तर दवाखान्यातली बाई म्हणाली, “ते मी कुलूप काढलं तेव्हापासून बसलेत.” कोपऱ्यातल्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. ज्या माणसाची वाट बघून मी इतकी वर्षं चिडचिड केली, तो आधीच येऊन बसलेला मला बघवेना.

पुढच्या आठवड्यात डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून मीच त्यांना घ्यायला घरी गेले. ते बूट घालून तयार. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, सहज भिंतीवर नजर गेली आणि ओरडलेच, “अगं बाई, वेळ टळून गेली की!” मग हातातला फोन बघितला. वेळ भरपूर होती.

“भावोजी, हे घड्याळ अजून पुढेच?”

“असू दे,” ते दारात येऊन म्हणाले. “तिने लावलंय. सेल बदलतानासुद्धा मी पटकन बदलतो, काटे मागे राहू नयेत म्हणून.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, “तुम्हाला कधी खरी वेळ कळायची तरी का हो? रोज आपलं, किती वाजले गं, किती वाजले गं.”

“ते मी माझ्यासाठी नव्हतो विचारत. कॅमेऱ्यासाठी विचारायचो.”

“कॅमेऱ्यासाठी?”

“त्याच्या आतला बारका सेल गेलाय. चार्जिंगला बॅटरी बाहेर काढली, की सगळं विसरतो. मग सकाळी सुरू केला की विचारतो, आज तारीख काय, वेळ काय. तारीख माझ्या लक्षात असायची. वेळ तिला विचारायचो.”

मी हातातला पेला तसाच खाली ठेवला. “आणि ती कुठलं घड्याळ बघून सांगायची?”

भावोजींनी भिंतीकडे पाहिलं. मी माझा फोन त्या घड्याळाशेजारी धरला. पंचवीस मिनिटांचा फरक होता.

“त्या दिवशी सकाळीसुद्धा विचारलं होतंत?”

“विचारलं होतं. तिने सांगितलं, आणि म्हणाली, निघा आता.” ते खुर्चीवर बसले. “तेच शेवटचं बोलणं आमचं.”

मी भाचीला फोन लावायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. “नको. तिला वाटेल मी वेळ फिरवली. त्या प्रोग्रॅममध्ये एक बटण दाबलं की फोटोंची वेळ हवी तशी मागेपुढे करता येते. तिनेच मला दाखवलंय. आणि घड्याळाचं काय, आत्ता मी खुर्चीवर चढलो तरी काटा सरकतो.”

खरं होतं. आमच्याकडे होतं काय, तर एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक दुखावलेला माणूस. डोळ्यांचा डॉक्टर राहिला बाजूला. आणि मग भावोजी एकदम उठले.

“तो कारकून,” ते म्हणाले. “त्याने हट्टाने एक फोटो काढून घेतला होता. आयुष्यभर या घड्याळाखाली बसून लोकांचे उशीर लिहिले, म्हणाला, आता याच्याखालीच माझा एक काढा.”

आम्ही पुढच्या खोलीत जाऊन तो फोटो उघडला. कारकून तसाच तोंडभर हसत होता. त्याच्या डोक्यावर एक पांढरा गोल. भावोजींनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. काटे स्पष्ट दिसायला लागले. पावणेचार. खाली आतली वेळ, चार दहा. ज्या घड्याळावर अख्ख्या कारखान्याचा पगार कापला जातो, ते पंचवीस मिनिटं मागे पडलं असतं, तर कामगारांनी कधीच खाली उतरवलं असतं.

मी भाचीला फोन लावला. “कशी आहेस वगैरे नंतर विचारते. तुझं मशीन उघड. तुझ्याकडचाच फोटो बघ, आम्ही कशाला हात लावलेला नाही. त्या हसणाऱ्या कारकुनाच्या डोक्यावर काय आहे?”

“घड्याळ,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

“किती वाजलेत त्यात?”

“पावणेचार,” तिने वाचलं. मग मी तिला बारक्या सेलचं सांगितलं, सकाळच्या हाकेचं सांगितलं. ती हाक तर तिने लहानपणापासून ऐकली होती. माझ्यासारखंच तिलाही वाटायचं, बाबांना उशीर झालाय म्हणून विचारतायत.

“म्हणजे शेवटचा फोटो चारच्या आधीचा,” ती हळूच म्हणाली. पलीकडे बटणांचा आवाज येत होता. “मावशी, शेवटच्या फोटोत खुर्च्या मांडतायत. ग्रुपसाठी. ग्रुप कुठाय? ग्रुप नाहीच आहे.” तिचा आवाज चिरकला. “बाबा ग्रुप काढल्याशिवाय कधी निघत नाहीत. मला कसं दिसलं नाही गं? त्यांना दे फोन.”

मी फोन भावोजींच्या हातात दिला आणि आत गेले. थोड्या वेळाने त्यांचं “असू दे गं, असू दे” ऐकू आलं आणि नाक ओढलेलं ऐकू आलं.

“काय म्हणाली?” मी दारातून विचारलं.

“आलेच म्हणाली,” ते म्हणाले. आणि हसले. किती दिवसांनी!

भाची दुसऱ्याच दिवशी आली. बापाच्या गळ्यात पडून ती जे रडली, ते इथे लिहायचं कारण नाही. डोळे पुसून तिने मशीन उघडलं. कॅमेऱ्याची वेळ पंचवीस मिनिटं मागे घ्यायची होती. प्रोग्रॅमने विचारलं, फक्त या दिवसाचे फोटो दुरुस्त करायचे, की या कॅमेऱ्यातले सगळेच? सगळेच चुकीचे होते. वर्षानुवर्षांचे. कधी पंधरा मिनिटं पुढे, कधी अर्धा तास, ताईच्या मर्जीप्रमाणे.

“त्या दिवसाचे कर,” भावोजी म्हणाले. “बाकीचे तिच्या वेळेवर राहू देत.”

तिने बटण दाबलं. माणसं, टाळ्या, कारकून, केक, खुर्च्या, सगळे एकामागोमाग सरकून चिठ्ठीच्या आधी गेले. चिठ्ठी सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्यानंतर त्या दिवसाचा एकही फोटो नव्हता. माझ्या भावोजींना त्या दिवशी उशीर झालाच नव्हता. आयुष्यात एकदा ते खरोखर लगेच निघाले, आणि नेमकी त्याच दिवशी ताईने घाई केली.

बदली काही रद्द झाली नाही. जायचं ते जायचंच होतं. निघण्याआधी भाचीने कपाटातून कॅमेरा काढला, बॅटरी चार्ज केली आणि म्हणाली, मला तुमच्या दोघांचा फोटो हवा. भावोजींनी दिवे लावले, मला त्या गोल स्टुलावर बसवलं आणि माझी मान उगाच इकडे तिकडे वळवून पाहिली. मग शर्ट बदलायला आत गेले.

भाचीने कॅमेरा सुरू केला. इतके दिवस कपाटात पडून तो सगळं विसरला होता. तिने तारीख घातली आणि मान वर केली.

“बाबा, किती वाजले?”

आत पावलं वाजली. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. भावोजींनी भिंतीवर बघून वेळ सांगितली.

माझ्या हातात फोन होता. खरी वेळ माझ्यासमोर होती. मला गप्प बसता येत नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी बसले. भाचीच्या मनगटावरही घड्याळ होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबांनी सांगितली तीच वेळ तिने कॅमेऱ्यात घातली.